बोटानं वाचणं

छत्तीसगड वेगळं झालं त्यानंतर आमच्या शाळेतली माणसं कमी होत गेली. ज्यांची घरं रायपूर-बिलासपूरकडे होती त्यांनी ते राज्य निवडलं, काही निवृत्त झाल्या, आणि रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या. मी तेव्हा जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या एका हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत चौथीला शिकवत होते. चौथी माझी, आणि निम्मा वेळ तिसरीही माझीच. पहिलीच्या वर्गाला बरेचदा कोणी नसायचं. शाळेची शिपाईबाई दारात स्टूल टाकून बसायची, मुलं भांडली की ओरडायची, एवढंच. मी पन्नाशीच्या जवळ आले होते. दुपारपर्यंत आवाज बसायचा, आणि घरी आल्यावर चपला काढण्यासाठी वाकायचाही कंटाळा यायचा.

अशा दिवसांत एका जूनमध्ये आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता मेंदू आणि शिक्षण. हॉलमध्ये एकच कूलर, तोही वारा कमी आणि आवाज जास्त करणारा. शिक्षिका वाटलेल्या कागदांनीच वारा घेत बसल्या होत्या. भोपाळहून आलेला प्रशिक्षक तरुण होता. त्याच्याजवळ प्लास्टिकचा मेंदू होता, उघडायचा आणि पुन्हा बसवायचा. त्याने डावा भाग, उजवा भाग दाखवला. मग म्हणाला की मुलं तीन प्रकारची असतात. काही बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून. ज्याचा जो प्रकार, त्याला तसंच शिकवायचं.

तो मनापासून बोलत होता. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता तरी त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. बाकीच्या पेंगत होत्या, मी मात्र ऐकत होते. इतक्या वर्षांत आमची प्रशिक्षणं झाली ती मतदार याद्यांची, पोलिओच्या थेंबांची, खिचडीच्या हिशेबाची. मुलाच्या डोक्यात काय होतं, हे कोणी पहिल्यांदाच सांगत होतं.

मी हात वर केला. "सर, जो बच्चा चौथी में आकर भी पढ़ नहीं पाता, उसके दिमाग में क्या होता है?"

"उसकी शैली अलग होगी मैडम," तो म्हणाला. "वह करके सीखने वाला बच्चा है. उसे किताब मत थमाइए. मिट्टी दीजिए, खेल दीजिए."

मला ते पटलं. दमलेल्या माणसाला असं उत्तर फार लवकर पटतं. माझ्या वर्गात न वाचणारी बरीच मुलं होती, आणि त्यांच्याविषयी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर आमच्या मुख्याध्यापिकेनं, तिला आम्ही बडी मॅडम म्हणत असू, रंगीत कापडाचे बिल्ले शिवून घेतले. बघणाऱ्यांना पिवळा, ऐकणाऱ्यांना निळा, करणाऱ्यांना हिरवा. मुलांना काही प्रश्न विचारून रंग ठरवायचा होता. 'नवीन जागी गेल्यावर तुला आधी काय आठवतं?' असे ते प्रश्न. मुलं एकमेकांकडे बघून हसायची. ज्यांचं नवीन जागी जाणं म्हणजे मामाच्या लग्नाला जवळचं सिहोरा गाव, त्यांनी काय सांगावं? शेवटी बडी मॅडम वैतागली. म्हणाली, "जो पढ़ता नहीं है उसको हरा लगा दो. साहब लोग देखने आएँगे."

तसे बिल्ले लागले. हिरवी मुलं मागे बसली, त्यांच्यापुढे मातीचे गोळे आले.

त्या हिरव्यांत एक मुलगी होती. तिची आई नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलं आणि दिव्यांचे दोने, म्हणजे पानांचे द्रोण, विकायची. मुलगी शाळेसाठी म्हणून गोरखपुरात मावशीकडे राहायला आली होती. बोलायला धीट, हिशेबात पक्की, घाटावरची आरती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ. पण पुस्तक उघडलं की तिचा चेहरा पडायचा. मातीचा हत्ती तिने पहिल्याच दिवशी फार सुरेख केला. मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मैडम, हरे वालों को किताब नहीं मिलेगी?"

"मिलेगी," मी म्हटलं.

"कब?"

मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

आता घरचं सांगते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील कारखान्यात नोकरीला लागले म्हणून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असंच आम्ही वाढलो. मी लग्न केलं नाही. माझी ताई माझ्याहून बरीच मोठी, तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माझ्याकडेच राहायची. ताई दीक्षितपुऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती आणि साऱ्या नोकरीत तिने पहिलीचाच वर्ग मागून घेतला. बढती आली तरी नको म्हणायची. शहरात कुठंही जा, कोणीतरी पाया पडायला यायचं. भाजीवाला, बँकेतला माणूस, एकदा तर पोलीस ठाण्यातला हवालदार. "दीदी ने पढ़ना सिखाया," असं सांगायचे. ताई त्यांना नीट न्याहाळायची आणि म्हणायची, "तू 'ष' उल्टा बनाता था."

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी मी डबा भरत होते आणि ताई बाहेर पेपर घेऊन बसली होती.

"आज कोणता पेपर टाकला व त्यानं?" तिने विचारलं. "हा तर तेलुगू आहे."

मी बघितलं. रोजचाच हिंदी पेपर होता. "ताई, हिंदीच आहे ना."

"सकाळी सकाळी मस्करी काहून करून राहिली?"

ती रागावली होती. तिचं बोलणं स्वच्छ होतं, तोंड वाकडं नव्हतं, हातपाय चालत होते. फक्त उठून आत येताना दाराच्या उजव्या चौकटीवर आपटली. मी तिला पेपरातला फोटो दाखवला, तो तिने ओळखला. खालचं मोठ्या अक्षरातलं नाव दाखवलं, तर ती नुसती बघत राहिली. मी घाबरून तिच्या हातात पेन दिलं आणि काहीतरी लिही म्हटलं. तिने तिच्या नेहमीच्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मला काही झालं नाही. तू शाळेत जा.'

मी तोच कागद तिच्यापुढे धरला. "वाच."

तिने डोळे बारीक केले. कागद लांब धरला, जवळ आणला. "काय लिहिलं हे? कोणी लिहिलं?"

"तूच, आत्ता."

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिलीच्या मुलांचा पहिला दिवस मी पुष्कळदा पाहिला आहे, आई दारातून निघून गेल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला. मी शाळेत निरोप पाठवला आणि तिला ऑटोत घालून मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथं मेंदूच्या विभागातला डॉक्टर चाळिशीचा असेल. दाढी वाढलेली, डोळे लाल. रात्रभर ड्यूटी करून तो आमच्यापुढे बसला होता. त्याने स्कॅनचा फोटो उजेडावर धरला आणि मागच्या बाजूला डावीकडे एक डाग दाखवला. तिथली रक्ताची वाट बंद झाली होती.

"दीदी देख सकती हैं, बोल सकती हैं, लिख सकती हैं," तो म्हणाला. "पर अक्षर की शक्ल आँख से चलकर जहाँ पहचानी जाती है, वह रास्ता कट गया है. दाईं तरफ का दिखना भी कम हुआ है."

"माझं लिहिलेलं मलाच काहून वाचता येत नाही?" ताईनं मराठीतच विचारलं. मी त्याला हिंदीत सांगितलं.

त्याने वेळ घेऊन समजावलं. माणूस बोलतो आहे तो फार जुन्या काळापासून, पण वाचतो आहे तो अगदी अलीकडे. त्यामुळे वाचण्याची जागा कोणाच्याही मेंदूत जन्मतः नसते. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा हळूहळू अक्षरांच्या कामाला लागतो, आणि तो लागतो कोणीतरी शिकवल्यावर. लिहिण्याच्या हालचाली दुसरीकडे असतात, म्हणून ताईचं लिहिणं शाबूत राहिलं होतं.

मग त्याला कळलं की ताई पहिलीची शिक्षिका होती. त्याने स्कॅनचा फोटो खाली ठेवला. "मतलब आपने तो हज़ारों बच्चों में यह जगह बनाई है," तो म्हणाला.

ताईने पदरानं डोळे टिपले. तिथवर ती रडली नव्हती.

निघताना मी त्याला प्रशिक्षणातलं विचारलं. मुलं तीन प्रकारची असतात का, बघून शिकणारी, ऐकून, करून? तो थकल्यासारखं हसला.

"मैडम, मैं किसी क्लास में खड़ा नहीं हुआ, इसलिए आपको पढ़ाना क्या सिखाऊँ. पर वाचणारा, मेरा मतलब पढ़ने वाला, कोई भी हो, वह जगह सबमें लगभग वहीं मिलती है." ताईचं ऐकून ऐकून त्याच्या तोंडी मराठी शब्द आला होता. "ऐसे तीन खाने तो मैंने किसी सिर में नहीं देखे."

"और इनको अब कैसे सिखाएँ?"

"टूटा कहाँ है, यह मैं बता सकता हूँ. आगे का काम धीमा है. कुछ मरीज़ उँगली से अक्षर बनाकर पढ़ लेते हैं. हाथ को याद रहता है. घर पर करके देखिए."

वाचा-उपचार करणारी बाई शहरात होती, पण तिचा नंबर लागायला उशीर होता. तोवर मीच करायचं ठरलं.

दिवसभर शाळेत क, संध्याकाळी घरी क. त्या हिवाळ्यात माझं एवढंच आयुष्य होतं. मी घरी येऊन चहा टाकायची, ताई टेबलाशी येऊन बसलेली असायची, केस विंचरून, चष्मा पुसून, अगदी शाळेत निघाल्यासारखी. पहिल्या संध्याकाळी मी मोठं अक्षर काढून म्हटलं, "ताई, हा क. क कबुतराचा."

तिने कागद बाजूला सारला. "मला कबुतर शिकवून राहिली? अव, कबुतराचं चित्र मी या हातानं भिंतीवर काढलं आहे. मला क माहीत आहे. तो समोर आल्यावर ओळखू येत नाही, एवढंच."

मग शिकवण्याची सूत्रं तिनेच हातात घेतली. विद्यार्थीही ती आणि शिक्षिकाही ती, मी नुसती कागद धरायची. अक्षरावरून उजव्या हाताचं बोट फिरवायचं, तशीच रेघ डाव्या तळहातावर काढायची, आणि हाताला कळलं की तोंडानं म्हणायचं. सोपी अक्षरं लवकर जमली. घ आणि ध यांच्यात ती रोज अडकायची, भ आणि म यांच्यात चिडायची. 'ख' ला तर तिचं बोट र आणि व असंच वाचायचं, त्यामुळे 'खत' चं 'रवत' व्हायचं आणि ती कागद ढकलून द्यायची.

"पोरं इथंच चुकायची," एकदा ती म्हणाली. "मी त्यांना म्हणायची, नीट बघा. नीट बघा म्हणजे काय करा, हे मी कधी सांगितलंच नाही. मलाच माहीत नव्हतं."

शब्दाच्या उजवीकडचं तिला दिसायचं नाही, म्हणून मी ओळीच्या शेवटी लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारून द्यायची. ती दिसेपर्यंत मान वळवत राहायचं, हा आमचा नियम. तो विसरला की वाक्य मधेच संपायचं आणि ती म्हणायची, "हे कसलं अर्धवट लिहून ठेवलं?" जेवतानाही ताटात उजवीकडची भाजी तशीच राहायची. मी काही न बोलता ताट फिरवून द्यायची.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना वाचायचं काम वर्षानुवर्षं ताईकडे होतं. आजारानंतर पहिल्यांदा गेली तेव्हा सवयीनं लोकांनी पुस्तक तिच्याच हातात दिलं. मी मागे बसले होते. ताईने पुस्तक उघडलं, समोर धरलं, आणि खणखणीत आवाजात सगळं म्हटलं. पानही योग्य जागी उलटलं. लोक खूश झाले. "दीदी तो एकदम ठीक हो गईं," शेजारीण मला म्हणाली.

परत येताना घराजवळ आल्यावर ताई म्हणाली, "मी वाचलं नाही. पाठ होतं ते म्हटलं. पुढच्या रविवारी मी सांगून टाकीन."

"राहू दे ना ताई. कोणाचं काय जातं?"

"पहिलीतली पोरं हेच करतात. पुस्तक समोर, बोट भलतीकडे, आणि धडा पाठ. मी त्यांना पकडायची. आता मीच करून राहिली."

पुढच्या रविवारी तिने खरंच उभं राहून सांगितलं. पुस्तक सुनेच्या वयाच्या एका तरुण बाईकडे दिलं आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसली. मला वाटलं होतं ती मोडून पडेल. तसं झालं नाही, पण त्या संध्याकाळी तिने अक्षरांना हात लावला नाही, आणि मीही म्हटलं नाही.

याच सुमारास एकदा मी तिला घाटावरच्या मुलीचं सांगितलं. हिरवा बिल्ला, मातीचा हत्ती, वाचता अजिबात येत नाही. डॉक्टरचं ऐकून माझ्या डोक्यात नवीनच भूत बसलं होतं. हिच्याही मेंदूत अशीच एखादी वाट तुटलेली असेल का?

ताईने विचारलं, "ती पहिलीत कुठं होती?"

"आमच्याच शाळेत."

"पहिलीला कोण होतं?"

मी आठवलं. "कोणीच नव्हतं. त्याच वर्षी बाई रायपूरला गेल्या."

"आणि दुसरीत?"

दुसरीत ती अर्धं वर्ष घाटावरच होती. आई आजारी, मोठी पोरगी तीच, म्हणून फुलांच्या टोपलीजवळ तीच बसायची.

"मग तिला शिकवलं कोणी?" ताई म्हणाली. "माझी बनलेली गोष्ट तुटली. तिची कोणी बनवलीच नाही. मेंदूचं काय घेऊन बसली तू? तिला क पासून शिकव."

मला राग आला. ताईचा नाही, सगळ्याचाच. साठावर मुलं, दोन वर्ग, आणि त्यात एकीला क पासून शिकवायचं ते कधी? पण ते खरं होतं, आणि खरं ऐकल्यावर मला झोपही नीट लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीचा बिल्ला काढला. मग बाकीच्यांचेही काढले. खिचडीच्या सुटीत ती मुलगी आणि आणखी काही जणी व्हरांड्यात माझ्याजवळ बसायला लागल्या. बांधकामावरून आणलेली वाळू परातीत पसरली आणि तिच्यात बोटानं अक्षरं काढायला लावली. हिरव्या मुलांसाठी म्हणून नाही, ताईला उपयोग होत होता म्हणून.

त्या मुलीला चांगला उपयोग झाला. तिचा हात घाटावर दोने वळून सरावलेला होता, वळणं पटापट लक्षात राहायची. दुसऱ्या एका मुलीला काहीच झाला नाही. ती वाळूत सुंदर अक्षर काढायची आणि विचारलं की भलतंच सांगायची. तिला म्हणून दाखवावं लागे, पुन्हा पुन्हा, शब्दाचे तुकडे पाडून. तिसरी मुलगी तर येईनाशीच झाली. माझं जेवण त्या वेळात राहून जायचं आणि दुपारच्या वर्गात माझं डोकं दुखायचं. मुख्याध्यापिका येताजाता बघायची. म्हणायची, "मैडम, बीमार पड़ जाओगी." मदतीला मात्र कोणाला पाठवायची नाही, कारण पाठवायला कोणी नव्हतंच.

होळीच्या आधी तो तरुण प्रशिक्षक काम बघायला आला. वर्गात एकही बिल्ला नाही हे पाहून त्याचा चेहरा उतरला. मी त्याला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, आणि ताईची हकिकत, डॉक्टरचं म्हणणं, सगळं सांगितलं. मला वाटलं तो वाद घालेल. तो ऐकत राहिला.

"मैडम, मुझे भी किसी ने जल्दी-जल्दी में ही सिखाया था," तो शेवटी म्हणाला. "मैंने सोचा, दिमाग की बात है, सही ही होगी. अब मैं ऊपर जाकर क्या बोलूँ?"

"बोलिए कि पहली में एक मास्टर दे दीजिए."

"वह मेरे हाथ में नहीं है."

"पता है," मी म्हटलं.

त्याने परातीचे फोटो काढले. जाताना त्या मुलीजवळ वाकून त्याने विचारलं, काय लिहिते आहेस? तिने वाळूत लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, 'नाव', हिंदीतली होडी. त्याने तिची पाठ थोपटली. पुढच्या जूनमध्ये नवीन प्रशिक्षण झालं. प्रत्येक शाळेत वाळूच्या पराती ठेवा, असा आदेश निघाला. मेंदूचं नाव त्यात पुन्हा होतंच. पराती आल्या, काही शाळांत त्यांत भाजी धुतली जाऊ लागली. पहिलीला शिक्षक त्या वर्षीही आला नाही.

ती मुलगी पाचवीच्या अखेरीस वाचायला लागली. अडखळत, पण स्वतःचं स्वतः. मग मावशीचं घर बदललं आणि ती दुसऱ्या शाळेत गेली. पुढं काय झालं मला माहीत नाही.

ताईची प्रगती झाली, थांबली, पुन्हा थोडी झाली. वाचा-उपचारवाल्या बाईनं आम्हाला आणखी काही युक्त्या शिकवल्या. गोरखपूरच्या बाजारात ताई दुकानांच्या पाट्यांपुढे उभी राहून हवेत बोट फिरवायची. ऑटोत बसायला तयार नसायची, कारण ऑटो पाटी संपायच्या आधी पुढं जातो. एकदा एका कापड-दुकानदारानं विचारलं, "माताजी, कुछ चाहिए?" ताई म्हणाली, "रुको भैया, अभी आपका नाम पूरा नहीं हुआ." तो हसला आणि पाटी पूर्ण होईपर्यंत हात बांधून उभा राहिला.

तपासणीला आम्ही अधूनमधून जायचो. एकदा डॉक्टर म्हणाला, माझे विद्यार्थी वाचण्याच्या आजारांवर शिकत आहेत, पण मूल वाचायला शिकतं कसं हे त्यांनी पाहिलेलंच नाही. तुम्ही येऊन सांगाल का? मला नको वाटत होतं. शनिवारची अर्धी सुटी, घरी कपड्यांचा ढीग पडलेला. ताई म्हणाली, "जा. त्यानं आपल्याला वेळ दिला होता."

मी गेले. पांढऱ्या कोटातली दमलेली मुलं-मुली बाकांवर बसली होती. काहीजण माना टाकून झोपले होते, दोघींना वॉर्डातून बोलावणं आलं. मला त्यांचा राग आला नाही. मतदार याद्यांच्या प्रशिक्षणांत मीही तशीच बसत असे. मी पहिलीचा वर्ग सांगितला, ख आणि रव सांगितलं, ताईचं सांगितलं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मैडम, बच्चा पहली बार सचमुच पढ़ता है, यह आपको पता कैसे चलता है?"

मी म्हटलं, आवाजावरून. तोवर मूल अक्षरं जोडत असतं, प्रत्येक अक्षराला आवाज सारखा लावतं. मग एखाद्या दिवशी तोच शब्द ते बोलल्यासारखा म्हणतं. ते ऐकल्यावर मान वर करून बघावंच लागत नाही.

तिने मान हलवली. डॉक्टरने सगळ्यांच्या वतीने आभार मानले आणि घाईनं राउंडला गेला.

घरी आले तेव्हा ताई खिडकीत बसली होती. तिच्या गोळ्यांची पट्टी हातात होती आणि तळहातावर बोट फिरत होतं. काय विचारलं त्यांनी, म्हणाली. मी त्या मुलीचा प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं.

तिने पट्टी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "माझा आवाज बदलला काय?"

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. दिवसभराचा शीण पायांत उतरला होता आणि खोटं बोलायचीही ताकद नव्हती.

"नाही ताई. अजून नाही."

"हं," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटून राहिलं होतं." आणि तिने पट्टी पुन्हा उजेडात धरली, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि मला म्हणाली, "तू पड जरा. हे झालं की मी चहा टाकते."